जुनी गाडी देऊन नवी घेताना: अमेरिकेतल्या सेल्स टॅक्सचा हिशेब

अमेरिकेत आल्यावर पहिली गाडी घेताना हा प्रश्न येतच नाही, कारण द्यायला जुनी गाडी नसते. तो येतो दुसऱ्या गाडीच्या वेळी. पाच-सहा वर्षं वापरलेली सेडान देऊन मोठी गाडी घ्यायची असते, डीलर जुनीचे चौदा हजार डॉलर म्हणतो, कारमॅक्स (जुन्या गाड्या विकत घेणारी दुकानांची साखळी) साडेचौदा म्हणतं, आणि ऑफिसमधला कोणीतरी सांगतो की स्वतः विकलीस तर सोळा सहज येतील. या तीन आकड्यांची तुलना थेट करता येत नाही. डीलरच्या चौदा हजारांमागे बहुतेक राज्यांत सेल्स टॅक्सची सूट दडलेली असते, बाकीच्या दोघांमागे ती नसते. ही सूट किती, कोणत्या राज्यात, आणि कागदावर ती कुठे गळते, ते इथे पायरी-पायरीने मांडलं आहे.

पुण्या-मुंबईत एक्स्चेंजमध्ये गाडी बदललेल्यांना हे चटकन पटत नाही, कारण भारतात हिशेब नेमका उलटा आहे. जीएसटीच्या मूल्यांकन नियमांतल्या २७व्या नियमात मोबाईलचं उदाहरणच दिलेलं आहे: जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांना दिला आणि जुना न घेता त्याची किंमत २४,००० असेल, तर कर २४,००० वरच. जुन्या वस्तूचं मोल करातून वजा होत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गाडीपुरतं ते वजा होतं.

पायरी १: तुमच्या राज्याचा नियम शोधा

अमेरिकेत केंद्राचा सेल्स टॅक्स नाही. दर राज्याचा, त्यावर बऱ्याच ठिकाणी काउंटीचा आणि शहराचा. नियमही राज्यागणिक वेगळा. ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट पूर्ण सूट देणाऱ्यांचा. नव्या गाडीच्या किमतीतून जुनीचं मोल वजा करायचं आणि उरलेल्या फरकावर कर भरायचा. न्यू जर्सी (६.६२५ टक्के), टेक्सास (६.२५), न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया हे सगळे यात येतात. नॉर्थ कॅरोलायनात त्याला हायवे यूज टॅक्स म्हणतात आणि दर ३ टक्केच आहे; जॉर्जियात नाव टीएव्हीटी. नावं वेगळी असली तरी वजाबाकी तीच. इलिनॉयमध्ये २०२० पासून सूट फक्त पहिल्या १०,००० डॉलरवर मिळत होती, पण ती मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून उठली. शिकागोकडच्या मंडळींना अजूनही जुना नियम ऐकवला जातो, तिकडे लक्ष देऊ नका.

दुसरा गट अटी घालणाऱ्यांचा. मिशिगनमध्ये सूट आहे पण तिला कमाल मर्यादा आहे, आणि ती दर जानेवारीत १,००० डॉलरने वाढते: २०२५ साली ११,०००, २०२६ साली १२,०००. ओहायोत सूट मिळते ती नवी कोरी गाडी घेतानाच; डीलरकडून वापरलेली गाडी घेतलीत तर जुनीचं मोल वजा होत नाही.

तिसरा गट सूट न देणाऱ्यांचा. यातलं मराठी घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं राज्य कॅलिफोर्निया, दुसरं व्हर्जिनिया. कॅलिफोर्नियात पूर्ण किमतीवर कर. व्हर्जिनियात दर कमी, ४.१५ टक्के, पण तोही पूर्ण किमतीवर: ३४,००० ची गाडी असेल तर १,४११ डॉलर, मग जुनी गाडी द्या नाहीतर देऊ नका.

चौथ्या गटात ऑरेगन, मोंटाना आणि न्यू हॅम्पशायर. इथे सेल्स टॅक्सच नाही, त्यामुळे वाचवण्यासारखंही काही नाही.

राज्याच्या महसूल खात्याच्या किंवा डीएमव्हीच्या (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावर 'ट्रेड-इन' (म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घेणं) हा शब्द घालून शोधलं की नियमाचं पान सापडतं. पानाची तारीख बघा. नियम बदलतात: न्यू जर्सीत इलेक्ट्रिक गाड्यांना एकेकाळी सेल्स टॅक्स पूर्ण माफ होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून अर्धा लागला आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण. 'टेस्लाला टॅक्स नसतो' असं एडिसनमध्ये कोणी सांगितलं तर ती बातमी शिळी आहे.

पायरी २: तुमचा खरा दर काढा

गाडीचा दर साधारणपणे दुकान कुठे आहे यावर ठरत नाही, गाडी कुठे नोंदवली जाणार यावर ठरतो. म्हणजे तुमचा घरचा पत्ता. कमी दराच्या काउंटीतल्या शोरूमला गेलं म्हणून काही वाचत नाही. ऑरेगनहून गाडी आणून वॉशिंग्टनमध्ये नोंदवली तर नोंदणीच्या खिडकीवर यूज टॅक्स, म्हणजे बाहेरून आणलेल्या वस्तूवरचा राज्याचा कर, भरावाच लागतो. दुसऱ्या राज्यात आधीच कर भरला असेल तर सहसा त्याची वजावट मिळते, पण फरक चुकत नाही.

टेक्सासमध्ये गाडीवर स्थानिक कर नाही. दुकानातल्या बाकीच्या वस्तूंवर सव्वाआठ टक्के लागतो म्हणून गाडीलाही तेवढाच धरू नका, गाडीला सव्वासहाच. न्यू जर्सीत काही शहरांमध्ये अर्बन एंटरप्राइझ झोनच्या दुकानांत अर्धा टॅक्स असतो, पण तो मोटारगाड्यांना लागू नाही.

फ्लोरिडाचा सापळा जरा बारीक आहे. राज्याचा दर ६ टक्के, त्यावर काउंटीचा जादा कर, पण तो फक्त पहिल्या ५,००० डॉलरवर. समजा काउंटीचा १ टक्का आहे. बोर्डावर ७ टक्के दिसतात आणि माणूस १४,००० च्या गाडीवर ९८० वाचतील असं धरून बसतो. प्रत्यक्षात ३४,००० च्या गाडीवर ट्रेड-इनशिवाय २,०४० अधिक ५०, म्हणजे २,०९०. ट्रेड-इन धरून २०,००० वर १,२०० अधिक तेच ५०, म्हणजे १,२५०. वाचले ८४०. काउंटीचे पन्नास दोन्हीकडे लागतात, कारण फरकाची रक्कमही ५,००० च्या वरच आहे.

पायरी ३: कागदावर हिशेब मांडा

न्यू जर्सीचं उदाहरण घेऊ. स्टिकरवरची किंमत ३५,५००. घासाघीस करून डीलरने ३४,००० ला द्यायचं कबूल केलं. कंपनीचं रिबेट १,०००. डॉक फी ४९९. जुनी गाडी १४,००० ला घेणार.

आधी सवलतींचे दोन प्रकार वेगळे करा, कारण कराच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. डीलरने स्वतःच्या खिशातून कमी केलेले १,५०० किमतीतून थेट जातात. त्यावर कर नाही. कंपनीचं रिबेट हे बहुतेक राज्यांत तुमच्या वतीने कंपनीने भरलेले पैसे समजले जातात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथे रिबेटच्या आधीच्या किमतीवर कर लागतो. १,००० चं रिबेट मिळालं तरी करपात्र रक्कम १,००० ने उतरत नाही.

डॉक फी, म्हणजे कागदपत्रं करण्याचे डीलरने लावलेले पैसे, ही डीलरची कमाई. ती न्यू जर्सीत करपात्र आहे. टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) आणि नोंदणीची सरकारी फी मात्र करपात्र नसते. दोन्ही एकाच 'फीज' नावाच्या ओळीत कोंबलेल्या दिसल्या तर वेगळ्या करून मागा.

आता मांडणी:

विक्रीची किंमत ३४,०००
अधिक डॉक फी ४९९
वजा जुन्या गाडीचं मोल १४,०००
करपात्र रक्कम २०,४९९
कर ६.६२५ टक्क्यांनी १,३५८.०६

यानंतर रिबेटचे १,००० वजा करा. टायटल-नोंदणीची फी धरण्याआधी तुमच्याकडून जाणारी रक्कम २०,८५७.०६.

हाच व्यवहार ट्रेड-इनची सूट न धरता केला तर कर ३४,४९९ वर लागतो, २,२८५.५६. फरक ९२७.५० डॉलर. १४,००० ला ६.६२५ टक्क्यांनी गुणलं तरी हाच आकडा येतो. म्हणजे लांब हिशेब न मांडताही सूट काढता येते: जुन्या गाडीचं मोल गुणिले दर. फ्लोरिडासारख्या ठिकाणी दर म्हणून राज्याचाच घ्यायचा, मिशिगनमध्ये मोल मर्यादेपर्यंतच धरायचं.

पायरी ४: बरोबरीचा आकडा

सगळ्या प्रकरणात कामाचा आकडा हाच आहे, आणि शोरूमला जाण्याआधी तो फोनमध्ये लिहून ठेवावा. जुनी गाडी बाहेर विकायची तर किमान किती मिळाले पाहिजेत?

डीलरचा आकडा गुणिले (१ अधिक दर). न्यू जर्सीत १४,००० गुणिले १.०६६२५, म्हणजे १४,९२७.५०. सुरुवातीला सांगितलेली कारमॅक्सची साडेचौदा हजारांची ऑफर डीलरच्या चौदा हजारांपेक्षा ४२७.५० ने कमी आहे, दिसायला ती कितीही मोठी असो. टेक्सासमध्ये बरोबरीचा आकडा १४,८७५. सिएटलच्या परिसरात, जिथे एकूण दर १० टक्क्यांच्या आसपास आहे, तो १५,४०० च्या घरात जातो; तिथे बाहेर विकणं फार क्वचित परवडतं. मिशिगनमध्ये २०२६ साली कमाल सूट १२,००० वर ६ टक्के, म्हणजे ७२०, म्हणून बरोबरी १४,७२० वर. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात बरोबरीचा आकडा चौदा हजारच. तिथे जो जास्त देईल त्याला गाडी द्या.

उलट बाजूनेही हिशेब करता येतो. कारमॅक्सने १५,००० लिहून दिले असतील तर न्यू जर्सीतल्या डीलरला किती द्यायला लावायचे? १५,००० भागिले १.०६६२५, साधारण १४,०६८. 'त्यांची ऑफर मॅच करा' असं सांगून बघाच, पण डीलर १४,१०० ला आला तरी तुम्ही फायद्यात आहात हे मनात असू द्या. कारमॅक्सची ऑफर सात दिवस चालते, म्हणून ती काढून मगच शोरूमचा दिवस ठरवावा. ऑफर काढताना गाडीवरचा ओरखडा, डॅशबोर्डवरचा पेटलेला दिवा सगळं खरं भरा. नाहीतर प्रत्यक्ष तपासणीत आकडा खाली येतो आणि तुमचा सगळा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

स्वतः एखाद्याला विकण्याचे सोळा हजार न्यू जर्सीच्या हिशेबात हजार-अकराशेनी वर दिसतात. त्यातून धुलाई, जाहिरात, अनोळखी माणसाला टेस्ट ड्राइव्ह, आणि बनावट कॅशियर्स चेकची धास्ती वजा करा. विकायचीच ठरवली तर गाडी घेणाऱ्याच्या बँकेत जाऊन, काउंटरसमोर पैसे घ्या. गाडीवर कर्ज असेल तर खाजगी खरेदीदाराला टायटल लगेच देता येत नाही आणि तिथेच बरेच सौदे फिसकटतात.

एक अपवाद मिझूरीचा. तिथे जुनी गाडी स्वतः विकली तरी, नवी घेण्याच्या १८० दिवस आधी किंवा नंतरपर्यंत, तिची किंमत करातून वजा करून मिळते. त्यासाठी बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती, जपून ठेवावं लागतं. आर्कान्सातही अशी सोय आहे, पण मुदत बरीच कमी. बाकीच्या बहुतेक राज्यांत अट कडक: तोच डीलर, तोच व्यवहार, तेच कागद. सोमवारी कारमॅक्सला विकून मंगळवारी दुसरीकडे गाडी घेतली की सूट गेली.

कॅलिफोर्नियात उलटा विचार करा

सूट देणाऱ्या राज्यात डीलरने नवीची किंमत दोन हजारांनी चढवली आणि जुनीचेही दोन हजार जास्त दिले, तर तुमचं नुकसानही नाही आणि फायदाही नाही. फरक तोच, कर तोच. 'तुमच्या गाडीला मी बाजारापेक्षा जास्त देतो' हे वाक्य तिथे नुसतं कानाला गोड लागतं.

कॅलिफोर्नियात मात्र हे वाक्य महागात पडतं. तिथे कर पूर्ण किमतीवर. दर ९ टक्के धरला तर चढवलेल्या दोन हजारांवर १८० डॉलर फुकट गेले. म्हणून तिथे मागणी उलट करायची: जुनीचे वाढवून देण्याऐवजी नवीची किंमत उतरवा. नवी ३४,००० आणि जुनी १४,०००, किंवा नवी ३३,००० आणि जुनी १३,०००. हातातून जाणारा फरक दोन्हीकडे वीस हजारच, पण दुसऱ्या मांडणीत ९० डॉलर कमी कर. हे बाजारभावाला धरूनच करायचं. चौदा हजारांची गाडी पाच हजारांना दाखवली तर ती करचुकवेगिरी होते आणि शहाणा डीलर तसं करतही नाही. खऱ्या घासाघिशीत पाचशे-हजाराची सवलत कुठल्या ओळीत टाकायची एवढाच हा प्रश्न आहे.

पायरी ५: जुन्या गाडीवर कर्ज असेल तर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सूट गाडीच्या मान्य केलेल्या मोलावर मिळते, कर्ज फेडून तुमच्या हाती उरलेल्या पैशांवर नाही. बहुतेक सूट देणाऱ्या राज्यांत हेच तत्त्व आहे.

गाडीचं मोल १४,०००, कर्ज बाकी ९,०००, तुमचे उरतात ५,०००. फायनान्सच्या टेबलावर बसलेला माणूस घाईत ५,००० ही रक्कम 'ट्रेड' म्हणून घालतो आणि कर २९,४९९ वर निघतो: १,९५४.३१. तुम्ही ५९६.२५ जास्त भरता आणि एकूण आकडा पंचवीस-तीस हजारांत असल्याने ते डोळ्यांत येत नाही. कागदावर तीन वेगळ्या ओळी हव्यात: जुन्या गाडीचं पूर्ण मोल, कर्जफेडीची रक्कम, आणि त्यातला फरक. करासाठी पहिली ओळ.

कर्ज मोलापेक्षा जास्त असेल, समजा १६,५००, तर वरचे २,५०० नव्या कर्जात मिसळले जातात. ती रक्कम नव्या गाडीची किंमत नाही, त्यामुळे करपात्र रकमेत ती दिसता कामा नये. हे अडीच हजार नव्या गाडीच्या 'किमतीत' घालून दाखवले असतील तर त्यावरही कर बसलाय, हे ओळखा. शक्य असेल तर ते रोखीने फेडलेले बरे. नवी गाडी दारात येण्याआधीच तिच्या मोलापेक्षा जास्त कर्ज डोक्यावर घेणं वाईट.

बँकेकडून दहा दिवसांचं पेऑफ पत्र, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं पत्र, आधीच मागवा. ॲपमध्ये दिसणारी शिल्लक आणि पेऑफची रक्कम यांत रोजच्या व्याजाचा फरक असतो. डीलरने कर्ज फेडायला उशीर केला तर हप्ता तुमच्याच नावावर चुकतो, म्हणून जुनं कर्ज शून्य झालेलं दिसेपर्यंत एक हप्ता भरत राहा. जादा गेलेले पैसे बँक परत करते.

पायरी ६: नावं जुळवा

जुनी गाडी नवऱ्याच्या नावावर आणि नवी बायकोच्या नावावर घेतली की काही राज्यांत सूट अडते, कारण नियम 'खरेदीदाराने स्वतःच्या मालकीची गाडी दिली पाहिजे' असा असतो. काही ठिकाणी पती-पत्नींना चालवून घेतात. भरवशावर राहण्यापेक्षा नव्या गाडीवर दोघांची नावं घालणं सोपं. भाऊ भारतात परत जाताना देऊन गेलेली गाडी अजून त्याच्याच नावावर असेल, तर ती आधी रीतसर तुमच्या नावावर करून घ्या.

लीजवरची गाडी तुमची नसतेच, ती लीज कंपनीची. तिच्यात बायआउटपेक्षा (लीज कंपनीकडून ती विकत घेण्याच्या किमतीपेक्षा) जास्त मोल असेल तर डीलर तेवढा चेक देईल, पण कराची सूट धरून चालू नका. नवी गाडीच लीजवर घेणार असाल तर कराची रीतच बदलते: बऱ्याच राज्यांत दर महिन्याच्या हप्त्यावर, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये सगळ्या हप्त्यांच्या बेरजेवर सुरुवातीलाच, आणि टेक्सासमध्ये लीज कंपनीला गाडीच्या पूर्ण किमतीवर, जो ती तुमच्याकडून वसूल करते. वरचं गणित लीजला तसंच्या तसं लावू नका.

पायरी ७: शोरूममध्ये

आधी फक्त नव्या गाडीची किंमत ईमेलवर पक्की करा. ट्रेड-इनचा विषय त्यानंतर. दोन्ही एकत्र बोलायला लागलं की विक्रेता एका कागदाचे चार चौकोन करतो (किंमत, ट्रेड, डाउन पेमेंट, महिन्याचा हप्ता) आणि एका चौकोनातलं दुसऱ्यात सरकवत राहतो. हप्त्याचं बोलणं शेवटपर्यंत टाळा. 'महिन्याला किती जमेल?' या प्रश्नाला 'आउट-द-डोअर (सगळे कर आणि फी धरून) किती?' हेच उत्तर.

बायर्स ऑर्डर (खरेदीचा करारकागद) हातात आली की सही करण्याआधी चार जागा बघा. ट्रेड-इनची ओळ कराच्या वर आहे का? ती कराच्या खाली, डाउन पेमेंटच्या शेजारी असेल तर सूट मिळालेलीच नाही; आपल्या उदाहरणात तुम्ही ९२७.५० जास्त देताय. दुसरं, 'टॅक्सेबल अमाउंट' असा आकडा छापलेला आहे का? नसेल तर लिहून मागा आणि फोनवर दराने गुणून बघा. तिसरं, दर तुमच्या पत्त्याचा आहे का, की शोरूमच्या गावाचा? चौथं, एक्स्टेंडेड वॉरंटी, पेंट प्रोटेक्शन, नायट्रोजन असल्या गोष्टी करपात्र रकमेत शिरल्या आहेत का? यातल्या कशावर कर आहे ते राज्यानुसार बदलतं, पण नको असलेली ओळ खोडली की तिचा करही जातो.

सोबत न्यायचं: टायटल, दोन्ही किल्ल्या, नोंदणीचा कागद, पेऑफ पत्र, टायटलवर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या किंवा ती सगळी माणसं. दुसरी किल्ली घरी राहिली की मोल दोन-तीनशेनी उतरवायला आयतं निमित्त मिळतं.

गाडी घरी आल्यावर

जुन्या गाडीवर एक्स्टेंडेड वॉरंटी किंवा गॅप विमा (गाडीच्या मोलापेक्षा जास्त असलेलं कर्ज भरून काढणारा) घेतला असेल तर तो रद्द करा. उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात, मागितले तरच. ईझेडपास किंवा टोलटॅग काढलात का, गाडीच्या स्क्रीनमधले फोननंबर पुसलेत का, तेही बघा. नंबरप्लेटचं राज्यागणिक वेगळं: कॅलिफोर्नियात त्या गाडीबरोबर जातात, न्यू जर्सीत तुमच्याकडे राहतात. कॅलिफोर्नियात गाडी दिल्यापासून पाच दिवसांत डीएमव्हीला रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडी आता आपल्याकडे नाही ही सूचना, कळवायची असते. डीलरवर न सोडता ती स्वतः ऑनलाइन भरा.

भरलेला सेल्स टॅक्स केंद्राच्या आयकरात उपयोगी पडू शकतो, पण फक्त शेड्यूल ए भरून तपशीलवार वजावट घेणाऱ्यांना. तिथे राज्याचा आयकर किंवा सेल्स टॅक्स, यातलं एकच निवडता येतं. म्हणून याचा खरा फायदा टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा पगारावर आयकर नसलेल्या राज्यांत. आयआरएसच्या (केंद्रीय आयकर खात्याच्या) तक्त्यातल्या रकमेत गाडीवरचा कर वेगळा मिळवता येतो. राज्य-स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा २०२५ साठी १०,००० वरून ४०,००० झाली आहे, तरी जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन (तपशील न देता मिळणारी सरसकट वजावट) त्याच वर्षी ३१,५०० असल्याने घरकर्ज नसलेल्या बहुतेकांना याने फरक पडत नाही. नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज ही २०२५ ते २०२८ साठीची वेगळी वजावट आहे: वर्षाला कमाल १०,०००, गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी, आणि एकट्याचं उत्पन्न १,००,००० च्या, जोडप्याचं २,००,००० च्या वर गेलं की ती कमी होत जाते. जुळणीचं ठिकाण काचेवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. ७,५०० डॉलरचं इलेक्ट्रिक गाडीचं केंद्रीय क्रेडिट मात्र ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना नाही.

कर चुकून जास्त कापला गेल्याचं नंतर लक्षात आलं तर आधी डीलरच्या टायटल क्लार्कला गाठा, विक्रेत्याला नाही. कागद डीएमव्हीकडे गेलेले नसतील तर दुरुस्ती एका दिवसात होते. गेले असतील तर राज्याच्या महसूल खात्याकडे परताव्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला लागते ती ट्रेड-इनची ओळ असलेली, दोन्ही बाजूंच्या सह्यांची बायर्स ऑर्डर. तिची प्रत शोरूममधून निघण्याआधीच मागून घ्या. नंतर फोन करून मागितली की तिथल्या माणसांना फार वेळ नसतो.